चौथा वाडगा

परवा रात्री गाडीवर तीन पोरं आली. शेजवान नूडल्स खाता खाता एकानं विचारलं, "दादा, तुम्ही पणजीला कॅसिनोत होता म्हणं? आता सोलापुरातनं विमान हाय की. आत कसं असतंय सांगा ना." जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झाल्यापासून हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. मी विषय बदलला. पण भट्टी विझवल्यावर ते काका डोक्यात आले, ते अजून जात नाहीत.

मांडवीत उभ्या असलेल्या एका जहाजावर मी दोन वर्षं नूडल्सच्या काउंटरला होतो. आठ स्टुलं, समोर आम्ही, आणि वीस पावलांवर पत्त्यांची टेबलं. खाणं-पिणं तिकिटातच धरलेलं, त्यामुळं बिलाची भानगड नाही. भिंतीवर घड्याळ नाही, बाहेरचं काही दिसेल अशी खिडकी नाही. गोव्याच्या माणसाला २०२० पासून खेळायला आत सोडत नाहीत, म्हणजे समोर बसलेला प्रत्येक जण घरापासून लांब आलेला. आम्हाला ताकीद एकच होती, वाडगा चार मिनिटांत समोर गेला पाहिजे. मला आधी वाटायचं, गिऱ्हाइकाची काळजी. मॅनेजर रोज शिफ्ट संपताना प्रत्येकाची मिनिटं वाचून दाखवायला लागला तेव्हा कळलं. स्टुलावर बसलेला माणूस तेवढा वेळ खेळत नसतो.

रस्सा मात्र चार मिनिटांत होत नसतो. दुपारी कोंबडीची हाडं उकळत्या पाण्यात टाकायची, काळपट फेस वर आला की ते सगळं पाणी ओतून द्यायचं, हाडं चोळून धुवायची. मग नवीन पाणी, ठेचलेलं आलं, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग आणि मंद आचेवर पाच तास. कडेला बारीक बुडबुडे तेवढे यावेत. खळखळ उकळलं की चरबी पाण्यात फुटते आणि रस्सा गढूळ होतो. नूडल्समध्ये आपल्या पापडखारासारखाच खार असतो, त्यानंच त्या पिवळ्या आणि चिवट होतात. उकळून काढल्यावर गाळणी दोनदा जोरात झटकायची, नाहीतर राहिलेलं पाणी रस्सा फिका करतं. हे मला कालिम्पाँगच्या वस्तादांनी शिकवलं. असा रस्सा अर्धा टाकून माणसं पळत टेबलाकडं जायची, तेव्हा वस्ताद काही बोलायचे नाहीत, नुसते वाडग्याकडं बघायचे. फुकट मिळालेल्या अन्नाची आपल्या लोकांना किंमत नाही, हे मी तिथं रोज बघितलं.

तो शनिवार होता. मदतनीस पोरानं आच वाढवली आणि मी ओरडलो, "काय बे, उकळी आली की!" समोरचे पन्नाशीचे गृहस्थ एकदम हसले. "सोलापूरचा का रे तू?"

"हो काका. विजापूर रोड."

"मी अक्कलकोट रोडचा. टॉवेलचे माग हायत माझे."

तेव्हा नऊ वाजले होते. काका खुशीत होते, वाडगा चाटूनपुसून संपवला. साडेअकराला परत आले तेव्हा गप्प होते. तिकिटाबरोबर काही चिप्स मिळतात. त्या नुसत्या खेळायला, त्यांचे पैसे होत नाहीत. त्या संपल्या की माणूस आपले पैसे काढतो. दोन वाजता त्यांनी तिसरा वाडगा अर्धा ठेवला.

पहाटे सव्वाचारला आले आणि विचारलं, "किती वाजले रे?" मी सांगितलं. त्यांनी फोन काउंटरवर ठेवला. पडद्यावर 'घर' असं लिहिलेले अकरा मिस्ड कॉल. फोन पालथा घातला आणि म्हणाले, "सोमवारी कामगारांचा पगार करायचाय. एक डाव लागला तर भरून निघेल सगळं."

मी ठरवलं, यांना इथनं उठू द्यायचं नाही. तयार नूडल्स बाजूला सारल्या, नव्या टाकल्या. अंडं उकडायला ठेवलं, पात बारीक चिरत बसलो. मग माझ्या पिशवीतली शेंगाचटणीची बरणी काढली. आईनं उखळात कुटलेली, तेल सुटलेली. दोन चमचे वाडग्याच्या तळाशी घालून वर रस्सा सोडला. लाल तवंग फिरत वर आला आणि लसणाचा वास सुटला. काकांनी मान वर केली.

"आईच्या हातची?"

"हो."

ते सावकाश जेवले. कपाळावर घाम आला, शेवटी वाडगा तोंडाला लावून रस्सा प्यायले. बावीस मिनिटं गेली. मी म्हणालो, "काका, धक्क्याकडं जाणारी बोट आता सुटंल. जावा घरी." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अंगात जीव आला बघ," म्हणाले आणि उठले.

आमच्या मजल्यावरून वर जायला एकच जिना. वर डावीकडं बोटीचं दार, उजवीकडं मोठ्या रकमेची टेबलं. मला वळणापर्यंतच दिसत होतं. मागं धावायला हवं होतं, पण काउंटर सोडायची परवानगी नव्हती आणि मी ती मोडली नाही. वस्तादांनी वाडग्याच्या तळाची चटणी बोटानं चाखली, म्हणाले, चीनमधल्या दानदान नूडल्स अशाच असतात, तळाशी तिखट घातलेल्या. मॅनेजरनं सकाळी माझी बावीस मिनिटं सगळ्यांसमोर वाचली.

महाराष्ट्रानं १९७६ चा कॅसिनो कायदा कधी लागू केला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच केला, ते फार बरं केलं. पण माझं मन तेवढ्यावर थांबत नाही. त्या वाडग्यानं अंगात जो जीव आला, तो घेऊन काका डावीकडं गेले की उजवीकडं?

त्यांचं नावही मी विचारलं नाही. आता कधी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ऑर्डर पोचवायला गेलो की गाडी हळू करतो. एकेका शेडमधनं मागांचा खडखडाट येत असतो. ज्या शेडमधनं येत नाही, तिथं दाराला कुलूप आहे का ते बघतो.