आयसी चांगला, बोर्ड चांगला, तरी टेस्टमध्ये फेल : माझा अनुभव

डेव्हिएशन फॉर्ममधला, म्हणजे ठरलेल्या पद्धतीत बदलाची परवानगी मागायच्या फॉर्ममधला, 'बिघाडाचे मूळ कारण' हा रकाना ज्या कुणी बनवला, त्याला एकदा आमच्या टेस्ट लाइनवर आणून उभं करायचंय. डिस्पॅचच्या आदल्या संध्याकाळी, प्रॉडक्शनवाल्यांच्या समोर.

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत इतरांच्या डिझाइनचे बोर्ड भरून आणि तपासून दिले जातात. तपासणी माझ्याकडे. त्यातल्या एका कंट्रोलर बोर्डावर बीजीए प्रोसेसर आहे. त्याचे सोल्डर बॉल चिपच्या पोटाखाली, तिथे फिक्स्चरची, म्हणजे टेस्टच्या साच्याची, पिन पोचत नाही. म्हणून बाउंडरी स्कॅन करावं लागतं, आयईईई ११४९.१ या मानकातलं. चार सिग्नलमधून चिपच्या आत शिरायचं आणि प्रत्येक जोड बाहेर न दिसताही तपासायचा. त्यात सॉफ्टवेअर सगळ्यात आधी चिपला तिचा ओळख क्रमांक विचारतं. तो जुळला नाही तर टेस्ट तिथेच थांबते, पुढचा एकही जोड तपासला जात नाही.

नेमकं तिथेच अडलं. आयसींच्या, म्हणजे या चिपांच्या, एका ठरावीक रीलपासून (गुंडाळीपासून) पुढचा प्रत्येक बोर्ड पहिल्याच पायरीवर लाल. सगळ्यांचा पहिला संशय सोल्डरिंगवर, म्हणून एक्स-रे काढले; बॉल नीट बसलेले. मग रीवर्कवाल्या (भाग काढून पुन्हा बसवणाऱ्या) दादांकडून एका बोर्डावर आयसीची अदलाबदल करून घेतली. जुन्या रीलचा आयसी लावला तर पास, नव्या रीलचा लावला तर फेल. म्हणजे बोर्डाचा काही दोष नाही. मग रिपोर्टमधले आकडे एकाखाली एक लिहून पाहिले. आठ हेक्स (सोळाच्या पायातल्या) अंकांपैकी सात तंतोतंत तेच. पहिला अंक मात्र १ च्या जागी २.

हा क्रमांक ३२ बिटांचा असतो. वरचे ४ बिट, म्हणजे तो पहिला अंक, आवृत्तीचे, मग १६ बिट पार्ट नंबरचे, ११ बिट उत्पादकाचे, आणि शेवटचा एक बिट कायम १. आवृत्तीचा अंक बदलला याचा अर्थ उत्पादकाने चिपच्या आतल्या सिलिकॉनमध्ये काहीतरी दुरुस्ती केली. पार्ट नंबर तोच, डेटाशीट तीच, लेबलही तेच. फक्त आयसीवर छापलेल्या बारीक ओळीत एक अक्षर पुढचं. आमचा टेस्ट प्रोग्रॅम मात्र जुन्याच क्रमांकाची वाट बघत बसलेला.

एवढं कळलं की काम संपलं, असं वाटेल. प्रोग्रॅममध्ये एक ओळ बदलायची! पण ग्राहकाने टेस्ट प्रोग्रॅम लॉक केलेला. त्यांच्या लेखी मंजुरीशिवाय स्वल्पविरामही हलवायचा नाही. आणि मंजुरीचा रस्ता त्या फॉर्ममधून.

मूळ कारणाला पर्याय होते: सोल्डरिंग दोष, चुकीचा पार्ट, सदोष पार्ट, ऑपरेटरची चूक, इतर. 'पार्ट चांगला आहे, टेस्ट जुनी झाली आहे' असं काही जगात घडू शकतं, हे फॉर्मच्या गावीच नाही. 'इतर' निवडलं की सप्लायरचा दोष-विश्लेषण अहवाल जोडणं सक्तीचं. त्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. सप्लायर म्हणाला, "मॅडम, आयसीत दोषच नाही, तर विश्लेषण कसलं करू?" खरंच होतं त्याचं. ग्राहकाकडून उत्तर आलं की अहवाल नाही तर मंजुरी नाही. आमचे क्वालिटीवाले म्हणाले, मंजुरी नाही तर फेल बोर्डांची लाल ट्रॉली हलणार नाही. ट्रॉल्या भरत गेल्या. प्लांट हेड रोज येता-जाता विचारायचे, "काय मॅडम, आला का तुमचा कागद?" जणू तो मीच दाबून ठेवला होता.

खरा संताप पुढे आला. उत्पादकाने या बदलाची सूचना, म्हणजे पीसीएन, रीतसर पाठवलेली होती. ती वितरकाकडून आमच्या परचेसमधल्या अशा मेलबॉक्समध्ये गेली, ज्याचा मालक नोकरी सोडून गेलेला. जे-एसटीडी-०४६ या मानकानुसार ३० दिवसांत सूचनेची पोच दिली नाही, किंवा पोच देऊनही ९० दिवसांत हरकत आली नाही, तर बदल मान्य धरतात. म्हणजे अख्खी चिप बदलायला सगळ्यांचं मौन पुरलं, आणि टेस्टमधले चार बिट बदलायला मात्र माझ्याकडून सह्यांचा ढीग हवा!

शेवटी अहवालाच्या जागी मी माझाच दस्तऐवज जोडला: पीसीएन, उत्पादकाच्या इराटा शीटमधलं (चिपमधल्या माहीत असलेल्या त्रुटींच्या यादीतलं) आवृत्ती आणि क्रमांकाचं कोष्टक, अदलाबदलीचे निकाल, एक्स-रे. सोबत जुनी आणि नवी बीएसडीएल फाइल (चिपची स्कॅनची रचना टेस्ट सॉफ्टवेअरला सांगणारी) शेजारी ठेवून केलेली तुलना. ही तुलना कधीच टाळू नका. नव्या आवृत्तीत स्कॅन साखळीची लांबी किंवा पिनांची मांडणी बदललेली असेल तर नुसता क्रमांक सुधारून उपयोग नाही. आमच्याकडे फरक फक्त क्रमांकाच्या ओळीत होता. मग फॉर्म बघणाऱ्याऐवजी ग्राहकाच्या टेस्ट इंजिनिअरशीच बोलायला मिळावं म्हणून हट्ट धरला. त्याला स्क्रीनवर दोन ओळी दाखवल्या आणि काम झालं.

त्याने एक अट मात्र घातली. मी आवृत्तीच्या चार बिटांच्या जागी एक्स टाकून 'काहीही चालेल' करणार होते. तो म्हणाला, फक्त दोन्ही ओळखीच्या आवृत्त्या लिहा. बीएसडीएलमध्ये स्वल्पविराम देऊन दोन क्रमांक लिहिता येतात. त्याचं बरोबर होतं. एक्स टाकला तर तिसरी आवृत्तीही गुपचूप पास झाली असती. जुना क्रमांक काढायचाही नाही, कारण स्टोअरमध्ये जुन्या रील असतातच.

आणखी आठवलं ते सांगते. फेल एकाच पायरीवर एकगठ्ठा यायला लागले की रीवर्कला हात लावण्याआधी रीलच्या लेबलांचे फोटो आणि डेट कोड (बनवल्याच्या तारखेचा) काढा. पीसीएन एका माणसाच्या नावावर नको, सामायिक मेलवर मागवा आणि त्यात टेस्टवाल्यांना घाला. हा घोळ चिपपुरताच नाही. मोठ्या किमतीचे सिरॅमिक कपॅसिटर दुसऱ्या उत्पादकाचे आले तर इन-सर्किट टेस्टच्या (बोर्डावरचा एकेक भाग पिनांनी मोजण्याच्या) कमी व्होल्टेजवर ते कमी मोजले जाऊ शकतात. तिथे आधी डेटाशीटमधलं मोजणीचं व्होल्टेज बघा, मग मर्यादा बदला. आणि त्यासाठीचा फॉर्मही तोच आहे, 'इतर' वाला.