आबांच्या पेट्या

आबा १९५७ला संयुक्त महाराष्ट्र समितीकडून निवडून आले आणि १९६२ला पडले. आमदारकी एवढीच, पण तिचे कागद सात पत्र्याच्या पेट्या भरून. वाडा पाडायचं ठरलं तेव्हा आत्या म्हणाली, "हे रद्दीत घातलंत तर मी पुन्हा माहेरी पाऊल टाकायची नाही." मग एका संशोधन संस्थेशी बोललो आणि दोन महिने त्या पेट्यांत डोकं घालून बसलो.

पहिल्याच आठवड्यात घोळ केला. गठ्ठे सोडले, टाचण्या उपटल्या, सगळं तारीखवार लावलं. स्वतःवरच खूश होतो. संस्थेच्या मॅडम आल्या, दोन फायली चाळल्या आणि म्हणाल्या, "हे मुळात असेच होते?"

नव्हते. १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनापासून कूळकायद्याने कसणारा जमिनीचा मालक ठरणार होता, आणि आबांकडे अर्जांची रीघ लागली होती. सातबाऱ्यावर नाव लागत नाही, मालक म्हणतो हा आमचा गडी, कूळ नव्हेच. असा अर्ज, त्यावरून लिहिलेला, विधानसभेत विचारायच्या तारांकित प्रश्नाचा खर्डा आणि मिळालेलं उत्तर आबा एकाच टाचणीत ठेवत. प्रश्नोत्तर विधानसभेच्या छापील कार्यवाहीत सापडेल. ज्याच्यामुळे तो प्रश्न विचारला गेला तो माणूस तिथे नसतो. मी नेमका त्यालाच वेगळा काढला होता.

शेवटी गंज कामाला आला. टाचणीचा तांबूस डाग शेजारच्या कागदांवर उतरला होता. डागाला डाग लावत निम्मेअधिक संच जुळवले. उरलेल्यांच्या पाकिटांवर 'मूळ क्रम मोडला' असं पेन्सिलीने लिहायचं होतं. मॅडमनी ते मलाच लिहायला लावलं.

दादासाहेब खापर्डे, बॅरिस्टर जयकर अशा मोठ्या पुढाऱ्यांचे कागद दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि ते तसेच हवेत. पण तालुक्याच्या आमदाराचे कागद बहुतेक वेळा रद्दीवाल्याच्या वाटेला जातात, आणि कुळांचे अर्ज असतात ते त्याच कागदांत.

कागद संस्थेला देण्याच्या दानपत्राला वेळ लागला. आलेल्या पत्राचा कागद आपला, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, हे मला तेव्हा कळलं. पक्षातल्या भांडणांचा एक गठ्ठा २०४५पर्यंत बंद ठेवायचं ठरलं. त्यातल्या दोन घरांची अजून बोलचाल नाही. बाबांनी न वाचता सही केली. आत्याने प्रत्येक ओळ वाचली आणि एकाच वस्तूवर अडली: १९६२च्या प्रचारातली चहावाल्याची वही. शेवटच्या पानावर अडुसष्ट रुपये बाकी.

"लोक काय म्हणतील?" आत्या.

मॅडमनी ती वही सगळ्यात आधी यादीत चढवली.