हँग होणारं मशीन आणि सी५ नावाची ओळ

दिवाळी अंकाची पानं लावण्याच्या ऐन गर्दीत माझं मशीन हँग व्हायला लागलं. माउसचा बाण मजेत फिरतोय, पण कशावरही क्लिक केलं की ढिम्म. बॉक्सवरचा डिस्कचा लाल दिवा अखंड पेटलेला. मग कधीतरी सगळं एकदम जिवंत व्हायचं आणि मधल्या वेळात वैतागून मारलेले क्लिक एकामागोमाग एक उघडत सुटायचे.

दुरुस्तीवाल्यानं फोनवरच निदान केलं, "ताई, व्हायरस असणार. आणून टाका, फॉरमॅट मारून देतो." आमच्याकडे हँगवर हे एकच औषध. पण व्हायरस काही फोल्डर बघून त्रास देत नाही, आणि माझं मशीन हमखास अडकायचं ते जुन्या लग्नपत्रिकांच्या फोल्डरवर. नाहीतर दुपारी अँटीव्हायरसचं स्कॅन त्याच फोल्डरपाशी पोचलं की.

विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडला. सिस्टमच्या नोंदींत 'डिस्क' या नावाखाली लाल खुणांची रांग, क्रमांक ७, म्हणजे बॅड ब्लॉक, डिस्कवरची खराब जागा. अधूनमधून १५३, म्हणजे वाचायचा प्रयत्न पुन्हा करावा लागला. हँग होण्याचं कारण हेच. खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा बिघडलेला छोटा कप्पा, आला की साधी हार्ड डिस्क 'वाचता येत नाही' असं चटकन सांगत नाही, तिथंच पुन्हापुन्हा डोकं आपटत बसते. विंडोज तिच्यासाठी मिनिटभरसुद्धा थांबते, आणि तिच्यामागे बाकी सगळे रांगेत.

डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोनं पिवळा 'कॉशन', म्हणजे सावधानतेचा इशारा, दाखवला. त्यात मी तीनच ओळी बघते. ०५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्यानं ताटकळलेले, आणि सी७ म्हणजे केबलमधून येता-जाता झालेल्या चुका. सी७ शून्य होता, त्यामुळे केबल निर्दोष. सी५ समोर शून्यांच्या शेपटाला 'ए८'. हे आकडे मुळात सोळाच्या पायात दिसतात, म्हणजे ए८ हे १६८. सेटिंगमध्ये दशमान करून घ्या, नाहीतर १० दिसेल आणि ते खरं तर १६ आहेत हे कळणारच नाही.

इथं बहुतेक जण चेकडिस्क या विंडोजच्या डिस्क तपासायच्या आज्ञेला स्लॅश आर (खराब जागा शोधायचा पर्याय) लावून झोपायला जातात. मी आधी डेटा काढून घेतल्याशिवाय लावत नाही. ती आज्ञा सगळी डिस्क चाळते, म्हणजे मरायला टेकलेल्या डिस्कला आणखी पळवायचं. आणि तिच्यानं डिस्क दुरुस्त होत नाहीच, खराब जागा वापरू नका एवढी नोंद होते.

त्याऐवजी उबुंटूचा (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स प्रणाली) पेनड्राइव्ह लावून डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रामनं क्लोन, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, काढायला घेतला. नकलेसाठी एसएसडी (फिरते भाग नसलेली नवी डिस्क) घेताना ९६० जीबीची स्वस्त मिळत होती, पण १ टीबीची डिस्क तिच्यात जशीच्या तशी मावत नाही, म्हणून पूर्ण १ टीबीचीच घेतली. डीडीरेस्क्यूची खरी गंमत त्याच्या मॅप फाइलीत आहे. कुठलं वाचलं, कुठलं राहिलं हे तिथं लिहिलेलं असतं, त्यामुळे लाइट गेली तरी काम पुढून सुरू होतं. पहिल्या फेरीत सोपं ते उचलायचं, अवघड जागा ओलांडून जायच्या. त्या नंतर कुरतडायच्या. घाई करून उलटं केलंत आणि डिस्कनं मध्येच मान टाकली, तर धडधाकट भागही हाती लागत नाही.

एसएसडीवरून मशीन सुरू केलं, चेकडिस्क स्लॅश एफ (फाइलींच्या नोंदींतल्या चुका सुधारायचा पर्याय) तिच्यावर चालवलं. काही कोरलमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) केलेल्या पत्रिकांच्या फाइली उघडल्याच नाहीत, पण त्या पत्रिकांतली लग्नं कधीच लागून गेली होती. अंकाची पानं शाबूत मिळाली.

जुन्या डिस्कवर मग शून्यं भरली. सी५ शून्यावर आला, ०५ मात्र वाढला, म्हणजे ताटकळलेल्यांतले काही खरंच बाद झालेले होते. दुरुस्तीवाला म्हणाला, "द्या की मग, कुणाच्या तरी सीसीटीव्हीला चालेल." नाही दिली.