बाहेर पूर, आत पाण्याचं रेशन

मी बडोद्यात डायलिसिस टेक्निशियन आहे. आमच्या युनिटच्या दाराशी एक वजनकाटा आहे आणि शहराचं हवामान मी गेली काही वर्षं त्याच्यावरच बघत आले आहे. पेशंट आला की आधी काट्यावर उभा राहतो. त्याचं ठरलेलं ड्राय वेट असतं, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन; त्यावर जे काही वाढलं असेल ते डायलिसिसच्या दोन खेपांच्या मधलं पाणी. किडनी बंद, लघवी नावापुरती, मग प्यायलेलं जाणार कुठे? ते आम्ही मशीनवर चार तासांत काढायचं.

लोकांना वाटतं मे महिना आम्हाला सगळ्यात जड जात असेल. पारा 43-44 वर असतो हे खरं, पण ते ऊन कोरडं. घाम येतो आणि उडून जातो, त्यात थोडं पाणीही जातं. काट्यावर आकडा वाटतो तेवढा चढत नाही. माझा अनुभव असा की खरी परीक्षा श्रावण-भाद्रपदात. पाऊस दोन दिवस धो-धो पडतो, मग ऊन येतं, आणि जमिनीतून वाफ निघाल्यासारखा बफारो सुरू होतो. अंग चिकट, पंख्याखाली बसलं तरी घाम वाळत नाही आणि घसा मात्र सारखा कोरडा. तेव्हा दिवसाला लिटरभर पाण्यावर भागवा म्हणून सांगणारी मी पेशंटांना शत्रू वाटते. त्यांचंही चुकत नाही.

ऑगस्ट 2024 मध्ये हे सगळं एकाच आठवड्यात आलं.

सोमवारी, 26 तारखेला जन्माष्टमी होती. आमच्या मराठी घरांतून त्याच दिवशी श्रावणी सोमवारही. पाऊस आदल्या दिवसापासून लागला होता. मी रावपुऱ्यात राहते, सोमवारच्या ड्यूटीला निघाले ती घरी परतले गुरुवारी. मंगळवारी सकाळी विश्वामित्री नदीनं 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, आजव्याच्या तळ्याचं पाणी नदीत येतच होतं, आणि एकामागून एक पूल बंद झाले. नदीनं शहराचे दोन भाग केले. आमचे नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, सर राहतात अलकापुरीकडे, म्हणजे पलीकडच्या भागात. पुढे नदी 37 फुटांपर्यंत गेली. 31 जुलै 2019 ला दिवसभरात जवळजवळ 20 इंच पाऊस झाला होता तो मी पाहिला होता, त्यामुळे मंगळवारी दुपारपर्यंत मी बऱ्यापैकी शांत होते. 2019 ला आमचं तळघर कोरडं राहिलं होतं, हे त्या शांतपणात सोयीस्करपणे विसरले होते.

या वेळी तळघर भरलं. बोअरची मोटर आणि तिचं पॅनेल तिथेच. नळाचं पाणी त्याआधीच बंद झालेलं. शहराला पाणी येतं ते आजव्यातून आणि मही नदीकाठच्या, फ्रेंच म्हणतात त्या विहिरींमधून, आणि पुरात पंपिंगच अडलं. आजवा म्हणजे सयाजीराव महाराजांनी 1892 मध्ये शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी पुरं करून घेतलेलं तळं ते. त्याच तळ्याचं पाणी रस्त्यावरून वाहतंय आणि नळ कोरडा, असा तो प्रकार. वीजही सुरक्षेसाठी तोडलेली. जनरेटर मागच्या उंच ओट्यावर होता म्हणून वाचला, पण डिझेल मोजकंच.

इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल, नाहीतर बुधवारचा पेच कळणार नाही. एका माणसाच्या चार तासांच्या डायलिसिसला मशीनमधून मिनिटाला 500 मिलिलिटर द्रव फिरतो, म्हणजे 120 लिटर. तो द्रव आरओच्या, म्हणजे बारीक पडद्यातून गाळून शुद्ध केलेल्या पाण्यातच बनवावा लागतो, कारण रक्त आणि ते पाणी यांच्यामध्ये एक पातळ पडदा तेवढा असतो. आमचा आरओ आत घेतलेल्या पाण्यातलं निम्मं फेकून देतो. वर मशीन धुणं, निर्जंतुक करणं. एका माणसामागे कच्चं पाणी लागतं तीनशे लिटरच्या आसपास. बुधवारी सकाळी गच्चीवरच्या टाकीत आमच्या वाट्याचं उरलं होतं सुमारे दोन हजार लिटर. नेहमीसारखं चालवलं तर सहा जण, फार तर सात.

"बहेन, बाहेर एवढं पाणी आहे," एका पेशंटच्या मुलानं खिडकीतून दाखवत म्हटलं. कमरेएवढं होतं. त्यात गटार, डिझेल, मेलेली जनावरं, आणि विश्वामित्रीच्या मगरीसुद्धा. त्या तीन दिवसांत वनखात्यानं शहरातून दोन डझनांच्या आसपास मगरी पकडल्या. असलं पाणी आरओला दाखवलं असतं तर त्यातला गाळणीचा पडदा तासाभरात गेला असता आणि त्याआधी पेशंट. आमच्या पंपवाल्या काकांनी मात्र एक शहाणी सूचना केली: गच्चीवरचं पावसाचं पाणी पन्हाळीतून टाकीत घ्यायचं. पाऊस मृदू असतो, कार्बन फिल्टर आणि आरओतून गेला तर चालण्यासारखा. त्यांनी पाइप जोडला, टाकीचं झाकण उघडलं, आणि पाऊस थांबला. सोमवारपासून थांब थांब म्हणत होतो, तो बुधवारी सकाळी थांबला. काका आकाशाकडे बघून जे बोलले ते गुजरातीत होतं आणि इथे लिहिण्यासारखं नाही.

सरांशी फोनवर ठरलं. प्रत्येकाला चारऐवजी दोनच तास, द्रवाचा वेग 500 ऐवजी 300. म्हणजे माणशी 36 लिटर द्रव, कच्चं पाणी धुण्यासकट शंभर-एकशेदहा. त्यात सोळा-सतरा जणांचं भागत होतं. पुरी नाही, पण पुढची दोन दिवस माणूस तगेल इतकी डायलिसिस. मी पेशंटांची यादी काढून एकेकाला फोन लावत सुटले. शेवटची खेप कधी झाली, दम लागतो का, पाय जड वाटतात का, आणि परवा उपासाला काय खाल्लं?

हा शेवटचा प्रश्न सरांना सुचला नव्हता, मला सुचला, कारण मी अशाच घरात वाढले. उपास म्हणजे बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, केळी, खजूर, शहाळं. यातल्या प्रत्येकात पोटॅशियम ठासून भरलेलं. चांगल्या किडनीला त्याचं काही नसतं. बंद किडनीच्या माणसात ते रक्तात साठतं आणि एका मर्यादेनंतर हृदयाचा ठोका बिघडवतं. ज्यांची मंगळवारची खेप बुडाली ते शनिवारपासून डायलिसिसशिवाय होते, आणि मधे सोमवार आला होता.

दुपारी कारेलीबागेतले एक काका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आले. निवृत्त मास्तर, एरवी काट्यावर उभं राहतानाही माझं मराठी सुधारणारे. त्या दिवशी दोघांनी धरून उतरवलं. पायांत जोरच नव्हता. काकू घाबऱ्या झाल्या होत्या, "अगं, जड काहीच खाल्लं नाही त्यांनी, नुसतं उपासाचं. लाइट नव्हते म्हणून उरलेली रताळी काल पण संपवली." नाडी मंद. ईसीजीत टी लाटा उंच, टोकदार, म्हणजे पोटॅशियम चढल्याची खूण. पोटॅशियम आलं 7.1. पाचच्या आत हवं असतं. ड्यूटीवरच्या डॉक्टरनं कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून दिलं, मग ग्लुकोजबरोबर इन्शुलिन, वर नेब्युलायझर. या सगळ्यानं हृदयाला थोडा वेळ सांभाळता येतं, पोटॅशियम शरीरातच राहतं. बाहेर काढायचं तर मशीनच हवं.

आणि त्याच पंधरा मिनिटांत शहरातल्या समा भागातल्या एक बेन आल्या. मुख्य रस्त्यापर्यंत बचाव पथकाच्या होडीतून, पुढे रुग्णवाहिकेतून. बसल्या जागी धापा टाकत होत्या, आडवं होता येत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर दोन दिवस अडकलेल्या, पंखा नाही, बफारो, शेजारच्यांनी प्रेमानं दिलेली छास आणि लिंबूपाणी. काट्यावर सहा किलो जास्त. फुफ्फुसात पाणी उतरलेलं.

जनरेटरवर चार मशीन चालत होती, तीन भरलेली. चौथ्यावर नळ्या भरून तयार करण्याचं काम (प्रायमिंग) होऊन मास्तरकाका चढणार होते. टाकीचा हिशेब तर आधीच शेवटच्या घरात आलेला. बेनच्या मुलानं माझा हातच धरला.

अशा वेळी एक गोष्ट उपयोगाला येते, आमच्या धंद्याबाहेर ती कुणाला फारशी ठाऊक नसते. माणसाच्या अंगातलं नुसतं पाणी काढायचं असेल तर डायलिसिसचा द्रव जवळजवळ लागतच नाही. मशीन रक्तावर दाब देऊन पाणी तेवढं खेचून घेतं. त्यात पोटॅशियम म्हणण्यासारखं निघत नाही, क्षार धुतले जात नाहीत, पण दम उतरतो. म्हणजे काकांना द्रव हवाच होता आणि बेनना आत्ता या घडीला द्रवाशिवाय चाललं असतं. फोनवर सरांना विचारलं, ते "कर" म्हणाले आणि रेंज गेली. ज्या पेशंटचे दोन तास संपत आले होते त्याला पंधरा मिनिटं आधी उतरवलं, त्यानं कुरकूर न करता हात पुढे केला. बेनना त्या मशीनवर घेतलं. तासाभरात दीड लिटर निघालं आणि त्या पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलल्या. वाक्य होतं, "पंखो जरा आ बाजू करो."

काकांचा पाऊण तास झाला असेल, तेव्हा जनरेटर बंद पडला.

अंधार नव्हता, दुपार होती. पण चार माणसांचं रक्त त्या क्षणी शरीराबाहेर, नळ्यांमध्ये. प्रत्येकाचं साधारण पाव लिटर. ते थांबून राहिलं तर गोठतं, मग परत देता येत नाही, आणि ज्यांच्या अंगात आधीच रक्त कमी त्यांचं पाव लिटर फुकट जातं. मशीनला अशा वेळेसाठी बॅटरी असते. तीन मशीनांचे ब्लड पंप बॅटरीवर फिरत राहिले. चौथं जुनं, त्याची बॅटरी कधीची मेलेली आणि बदलून मागितलेली. त्याच्यावर काका होते.

ब्लड पंपला एक छोटं हँडल असतं. ते उघडून, शिरेकडच्या नळीवरचा मशीनचा चिमटा हातानं सोडवून, पंप हातानं फिरवायचा. घड्याळाच्या दिशेनं, एका लयीत, घाई न करता, आणि डोळा सतत त्या नळीतल्या हवेच्या बुडबुड्यावर, कारण आता हवेचा अलार्म आपणच. प्रशिक्षणात सगळ्यांनी केलेलं असतं, खऱ्या माणसावर करायची वेळ क्वचित येते. मी फिरवायला लागले. काकांची शुद्ध चांगली होती. त्यांनी बघितलं आणि विचारलं, "जात्यावर बसलीस का?" मी म्हटलं, "काका, बोलू नका, मोजतेय." ते गप्प बसले, हे त्यांच्या बाबतीत त्या दिवसाचं सगळ्यात मोठं आश्चर्य.

खांदा भरून आला तसं वॉर्डबॉयला शिकवत शिकवत त्याच्याकडे दिलं, मग परत घेतलं. तोपर्यंत पंपवाले काका छातीएवढ्या पाण्यातून कॅन डोक्यावर धरून डिझेल घेऊन आले होते. कुठून आणलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. जनरेटर सुरू झाल्यावर मास्तरकाकांचे उरलेले सव्वा तास पूर्ण केले, वर अर्धा तास वाढवला, सरांचीच तशी सूचना होती. नंतरच्या तपासणीत पोटॅशियम 5.6. पुरेसं नव्हे, पण हृदयाला झोप घेऊ देईल एवढं. घरी जाताना काकूंच्या हातात पोटॅशियम बांधणाऱ्या पावडरीच्या पुड्या दिल्या आणि रताळ्याबद्दल जे बोलले ते जरा कडकच बोलले. रात्री शेवटचा पेशंट उतरला तेव्हा टाकीच्या तळाशी वीतभर पाणी होतं.

पूर ओसरला, बातम्यांमधून बडोदा गेलं. 30 तारखेला हा पाऊस आणणारं वादळ कच्छच्या किनाऱ्यावरून समुद्रात उतरून असना चक्रीवादळ झालं. अरबी समुद्रात ऑगस्ट महिन्यात चक्रीवादळ याआधी 1976 मध्ये झालं होतं. आमच्याकडे तोवर ऊन पडलं होतं, रस्त्यावरचा चिखल सुकून धूळ उडत होती, आणि भादरव्याचा, म्हणजे भाद्रपदातल्या उन्हाचा, तडका पंचांग न बघताच सुरू झालेला. काट्यावरचे आकडे परत चढले.

नळ सुरू झाले तेव्हा वेगळंच काम निघालं. पुरानंतर पालिका पाण्यात क्लोरीन वाढवते, ते योग्यच आहे, पिणाऱ्यांसाठी. डायलिसिसच्या पाण्यात मात्र ते रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. म्हणून कार्बन फिल्टरनंतर प्रत्येक शिफ्टआधी चाचणी करावी लागते, आणि एरवी रंग न येणाऱ्या पट्टीवर त्या सकाळी रंग आला. पेशंट रांगेत, नातेवाईक कंटाळलेले, आणि मी सांगतेय की पाणी आहे पण चालणार नाही. आठवड्यात दुसऱ्यांदा तेच वाक्य. कार्बन बदलून, धुऊन, पट्टी कोरी येईपर्यंत दुपार झाली. एक नातेवाईक चिडून म्हणाले, पुरातसुद्धा तुम्ही एवढा उशीर केला नव्हता. ते खरंच होतं.

आता युनिटच्या फळ्यावर श्रावणातले सोमवार, जन्माष्टमी, एकादश्या यांची यादी लावलेली असते, आणि त्या आठवड्यात मी प्रत्येकाला ताटात काय घेतलं ते विचारते. काहींना ते आवडत नाही. जुन्या मशीनला नवी बॅटरी मिळाली. बोअरचं पॅनेल पहिल्या मजल्यावर न्यायचं ठरलंय, कोटेशन आलंय, सही व्हायचीय. पंपवाले काका पन्हाळीचा पाइप काढायला तयार नाहीत. आणि कारेलीबागेतल्या मास्तरांशी त्या वर्षी गणपतीच्या आदल्या खेपेला मोदकांवरून वाद झाला: नारळ आणि गूळ, दोन्हीत पोटॅशियम. ते तीन म्हणत होते, मी एक. शेवटी काकूंनी दीडवर तोड काढली.