तुम्ही विचारलंत म्हणून : परत फिरलेल्यांची बातमी

आमचे मासिक बातमीपत्र हाती पडले की जुने सहभागी मला जो प्रश्न विचारतात, तो थोड्याफार फरकाने एकच असतो. शिखरावर पोहोचलेल्या बॅचची बातमी चार ओळींत उरकली जाते आणि अर्ध्या वाटेवरून परत आलेल्या बॅचला मात्र दोन पाने मिळतात, हे कसे? काही जण हे गमतीने विचारतात, काही जण काळजीने, आणि एका हितचिंतकांनी तर ‘अशाने लोक तुमच्याकडे येतील कशाला?’ असे तोंडावरच विचारले. प्रत्येकाला उभ्याउभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा बसून सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

आमची साहस-सहलींची कंपनी अगदी लहान आहे. कार्यालयात आम्ही मोजकी माणसे, हंगामात येणारे लीडर आणि गाइड, ओझी वाहणारे पोर्टर, आणि वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा येणारे सहभागी, एवढाच आमचा गोतावळा. नोंदणीचे काम माझ्याकडे आहे आणि बातमीपत्रही मीच लिहिते. अशा ठिकाणी कोणतीही गोष्ट लपून राहत नाही. एखादी बॅच ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी परतली, तर आठवड्याच्या आत ती बातमी सर्वांपर्यंत पोहोचलेली असते, फक्त ‘वर काहीतरी झाले म्हणे’ या स्वरूपात. त्यामुळे अशी बातमी छापावी की नाही, हा प्रश्न आमच्यापुढे फारसा नसतोच. ती आमच्याकडून नीट कळावी की कानगोष्टींतून कळावी, एवढेच काय ते आमच्या हातात असते.

पहिली दोन वर्षे मी मात्र वेगळेच लिहीत होते, हे कबूल केले पाहिजे. शिखरावरचे हसरे चेहरे, राफ्टमधली उडालेली फवार आणि ‘अविस्मरणीय’ हा शब्द, एवढ्या भांडवलावर अंक निघत असे. त्यात नवे काही नव्हते, कारण प्रवास कंपनीने स्वतःचे पत्र काढण्याची प्रथा या धंद्याइतकीच जुनी आहे. इंग्लंडमधील सहल-व्यावसायिक थॉमस कुक यांनी १८४१ मध्ये आपली पहिली सामूहिक रेल्वे सहल नेली आणि १८५१ मध्ये, लंडनच्या महाप्रदर्शनाला प्रवासी नेण्यासाठी, स्वतःचे सहलपत्र सुरू केले. ते पत्र जाहिरातीसाठी होते आणि तसे असण्यात काही गैर नव्हते, कारण रेल्वेने प्रदर्शनाला जाणाऱ्याला दुपारी एक वाजता एखाद्या कड्यावर थांबून पुढे जायचे की मागे फिरायचे हे ठरवावे लागत नव्हते. आमच्या लीडरला ते ठरवावे लागते, आणि हा फरक माझ्या लक्षात यायला एक बातमी चुकावी लागली.

त्या बॅचने शिखराच्या दिवशी मागे फिरण्याची वेळ दुपारी एक अशी ठरवली होती. एक वाजला तेव्हा चार जण बरेच मागे होते, पश्चिमेकडून ढग चढत होते, आणि तरीही ‘आता दिसतेच आहे’ या शब्दांवर सगळे पुढे गेले. माथ्यावर पोहोचले तेव्हा पावणेतीन झाले होते. उतरताना अंधार पडला, दोघांच्या हेडटॉर्चची बॅटरी संपली आणि एकाचा घोटा मुरगळला; सगळे कॅम्पवर पोहोचले, पण मध्यरात्री. मी ही बातमी ‘जिद्दीची गोष्ट’ म्हणून लिहिली. लिहिताना मला खरोखरच अभिमान वाटला होता.

अंक निघाल्यावर त्या बॅचचा लीडर कार्यालयात आला. तो चिडलेला नव्हता, थकलेला मात्र दिसत होता. तो म्हणाला, “ताई, तुम्ही लिहिलेत त्यात खोटे काही नाही. पण पुढच्या वेळी मला परत फिरणे तुम्ही अवघड करून ठेवलेत.” त्याचे म्हणणे पुढच्याच बॅचमध्ये खरे ठरले. एक वाजता त्याने थांबायला सांगितले, तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, “मागच्या बॅचला तर पावणेतीनपर्यंत जाऊ दिले होते. आम्ही वाचले आहे.” तो ठाम राहिला आणि सगळ्यांना घेऊन खाली आला. पण माझ्या चार परिच्छेदांनी त्याच्या पाठीवर विनाकारण एक जादा ओझे चढवले होते, एवढे मला पुरते कळले.

त्यानंतर मी जुने अपघात वेगळ्या नजरेने वाचू लागले. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर जे घडले, ते गिर्यारोहणाशी संबंध नसलेल्यांनाही ऐकून माहीत असते. दोन व्यावसायिक मोहिमा एकाच दिवशी शिखराकडे निघाल्या होत्या. दुपारी दोनच्या सुमारास कोठेही असले तरी मागे फिरावे असे बोलले गेले होते, पण काही जण त्यानंतरही चढत राहिले आणि वादळ आले. शिखराच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ गिर्यारोहकांचा मृत्यू झाला आणि त्यांत त्या दोन्ही मोहिमांचे नेते होते. या घटनेच्या कारणांवर आजही वाद होतात आणि त्यात मी भर घालणार नाही. मला त्यातले दोन तपशील मात्र विसरता येत नाहीत. एका मोहिमेसोबत अशा व्यावसायिक चढाईवर लेख लिहिण्यासाठी साहस-मासिकाचा लेखक गेलेला होता, तर दुसऱ्या मोहिमेतून एक सहभागी जगाला वृत्तांत पाठवत होती. शिवाय आदल्या वर्षी शिखराच्या अगदी जवळून परत फिरवला गेलेला एक ग्राहक पुन्हा आला होता, आणि या वेळी तो शिखरावर पोहोचला तेव्हा चार वाजून गेलेले होते. बातमीमुळे माणसे दगावली असे मी म्हणत नाही, तसे म्हणणे उथळपणाचे होईल. तरीही, आपण काय केले हे उद्या लिहिले जाणार आहे याची जाणीव असलेला माणूस आणि ती नसलेला माणूस, हे दोघे घड्याळाकडे एकाच नजरेने पाहत असतील असे मला वाटत नाही.

हिमस्खलनांचा अभ्यास करणारे इयन मॅकॅमन यांनी अमेरिकेतील सातशेहून अधिक अपघात तपासले आणि धोक्याच्या खुणा समोर दिसत असूनही माणसे पुढे का जातात, याची काही कारणे मांडली. ओळखीचा प्रदेश, आधीच ठरवलेले ध्येय, इतरांच्या नजरेत बरे दिसण्याची इच्छा, जाणकार समजल्या जाणाऱ्या माणसावरचा आंधळा विश्वास, आसपास असलेली इतर माणसे आणि ‘ही संधी पुन्हा येणार नाही’ ही भावना, ही ती कारणे. ही यादी वाचताना मला माझे जुने अंक आठवत राहिले, कारण यांपैकी निदान तीन गोष्टींना मी दर महिन्याला खतपाणी घालत होते.

नॉर्वेमध्ये डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ साधे नियम आहेत. १९६७ च्या ईस्टरच्या सुटीत तेथील डोंगरांत अठरा जणांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर अशा नियमांचा मोठा प्रचार करण्यात आला. त्यातला एक नियम सांगतो की वेळेत परत फिरा, परत फिरण्यात लाज नाही. नियमाचा पहिला अर्धा भाग कोणत्याही लीडरला शिकवावा लागत नाही. दुसरा अर्धा भाग मात्र लीडरने एकट्याने पाळण्यासारखा नाही. लाज ही बाकीच्यांच्या नजरेत असते. ती काढून टाकायची तर त्या बाकीच्यांशीच बोलावे लागते, आणि आमच्याकडे त्यांच्याशी बोलण्याचे साधन म्हणजे हे बातमीपत्र.

म्हणून आता परत फिरलेल्या बॅचची बातमी पहिल्या पानावर असते. तिच्यात किती वाजले होते, हवा कशी होती, कोण कोणत्या स्थितीत होते, थांबण्याचा विषय प्रथम कोणी काढला आणि निर्णय व्हायला किती वेळ लागला, हे सगळे असते. अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८ पासून दरवर्षी गिर्यारोहणातील अपघातांचे वृत्तांत प्रसिद्ध करीत आला आहे. काय घडले ते आधी आणि त्यातून काय दिसते ते नंतर, अशी त्यांची मांडणी मला फार उपयोगी पडली. आमच्याकडे सुदैवाने अपघात क्वचितच होतात, पण होता होता टळलेल्या गोष्टी पुष्कळ असतात आणि शिकण्यासारखे त्यांतच जास्त असते, कारण सांगणारी माणसे सांगायला धडधाकट असतात.

हे जमायला वेळ लागला. परत फिरण्याची पहिली बातमी लिहिताना मी ‘काही सहभागींची तयारी कमी पडल्यामुळे’ असे एक वाक्य सहज लिहून गेले. बॅचमध्ये बाराच जण होते, त्यामुळे ‘काही’ म्हणजे कोण हे प्रत्येकाला ठाऊक होते. त्यांतल्या एका बाईंनी मला फोन केला, त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की यापुढे थकवा आला तरी त्या बोलणार नाहीत. त्यानंतर आम्ही काही गोष्टी ठरवून टाकल्या. छापण्याआधी मजकूर लीडरला आणि ज्याच्याविषयी तो आहे त्याला दाखवायचा, नकार आला तर तो भाग गाळायचा, कोणाला इजा झाली असेल तर त्याच्या घरी कळल्याशिवाय एक अक्षरही बाहेर जाऊ द्यायचे नाही, आणि कारण सांगताना माणसाकडे बोट न दाखवता परिस्थिती सांगायची. यातले शेवटचे पथ्य सर्वांत कठीण आहे. मी ते अजूनही अधूनमधून मोडते आणि लीडर मंडळी लाल शाईने खुणा करून मजकूर परत पाठवतात.

एका अंकातील मजकूर तर माझा नव्हताच. उंचीवरच्या एका ट्रेकमध्ये एका तरुण सहभागीने दोन दिवस डोकेदुखी आणि मळमळ लपवून ठेवली होती. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, हे तो निघण्यापूर्वीच्या बैठकीत ऐकून आला होता. लक्षणे असताना वर चढू नये, हेही त्याला माहीत होते. तरीही ‘माझ्यामुळे सगळ्यांचा दिवस वाया जाईल’ या एका विचाराने तो गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी बुटाचे बंद बांधताना त्याचा तोल गेला, ते गाइडच्या नजरेस पडले. गाइडने त्याला टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगितले आणि ते त्याला जमेना. मेंदूवर सूज येऊ लागली असल्याची ही खूण असू शकते आणि अशा वेळी खाली उतरण्याला पर्याय नसतो, म्हणून एक गाइड आणि एक पोर्टर त्याला घेऊन तत्काळ उतरले. बरा झाल्यावर त्याने स्वतःहून एक पत्र लिहिले. आपण काय लपवले, कशासाठी लपवले आणि लपवताना कोणकोणत्या सबबी सांगितल्या, हे त्यात इतक्या मोकळेपणाने होते की मी एक शब्दही बदलला नाही. त्या पत्रानंतर कॅम्पवरून येणाऱ्या रोजच्या नोंदींत मला फरक दिसू लागला. ‘डोके दुखते’ असे माणसे पहिल्याच संध्याकाळी सांगू लागली, कधी कधी जरा अतीच सांगू लागली, असे एक गाइड कुरकुरतो. पण ती कुरकुर मला चालते.

बाकीच्या बातम्यांविषयी थोडक्यात सांगते. कोणत्या लीडरने प्रथमोपचाराचा सत्तर-ऐंशी तासांचा दुर्गम भागासाठीचा अभ्यासक्रम पूर्ण केला, कोणाच्या प्रमाणपत्राचे नूतनीकरण व्हायचे आहे, कोणता रोप, म्हणजे चढाईचा दोर, बाद केला, हे आम्ही न चुकता छापतो. न वापरलेला रोपही दहा वर्षांनंतर वापरू नये, असे उत्पादक सांगतात. बाद केलेल्या रोपाचे आम्ही तुकडे करतो, म्हणजे तो चुकून पुन्हा कोणाच्या हाती लागत नाही. पोर्टरांची नावे, त्यांची संमती घेऊन, सहभागींच्या नावांच्या आधी येतात, कारण १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातावर, म्हणजे हिमनदीच्या तुटक्या-फुटक्या उतारावर, बर्फ कोसळून जे सोळा जण गेले ते सगळे मोहिमांसाठी काम करणारे नेपाळी होते, आणि एरवी शिखराच्या बातमीत अशा माणसांना बहुधा ‘आणि इतर’ एवढीच जागा मिळते. ट्रेकवर ओळख होऊन झालेल्या लग्नांच्या बातम्याही आम्ही देतो, आणि अंकातला सर्वाधिक वाचला जाणारा भाग तोच आहे, हे मी खिन्न मनाने नमूद करते. एखाद्या निवांत डोहाचा नेमका ठावठिकाणा मात्र छापत नाही. २०२० मध्ये सगळ्या सहली रद्द झाल्या तेव्हा बातमी देण्यासारखे काही नव्हते. तरीही अंक निघाले आणि त्यांत रद्द झालेल्या सहलींच्या पैशांचे काय झाले, हे प्रत्येक वेळी लिहिले होते.

राहिला त्या हितचिंतकांचा प्रश्न. लोक येतील का? काही येत नाहीत, हे खरे आहे. नोंदणीच्या वेळी अंक वाचून एका गृहस्थांनी विचारले, “म्हणजे शिखर नक्की नाही?” मी नाही म्हणाले आणि ते दुसरीकडे गेले. त्यांचे जाणे मला थोडे लागले, कारण लहान कंपनीत प्रत्येक नोंदणी मोजावी लागते. पण त्याच फोनवर मी ‘नक्की’ म्हणाले असते, तर ते वाक्य फेडायची पाळी एखाद्या लीडरवर आली असती, दुपारी एक वाजता, ढगांकडे पाहत.

या महिन्याचा अंक जवळजवळ तयार आहे. पहिल्या पानासाठी आमच्या त्याच लीडरचा संदेश आला आहे. शिखराला तासाभराचे अंतर असताना वीज कडाडू लागली, म्हणून तो बारा चाळीसला सगळ्यांना घेऊन मागे फिरला. शेवटी त्याने लिहिले आहे की ते कॅम्पवर पोहोचेपर्यंत आकाश पूर्ण निवळले आणि संध्याकाळपर्यंत माथ्यावर स्वच्छ ऊन होते. हे शेवटचे वाक्य ठेवायचे का, असे त्याने विचारले आहे, कारण बॅचमधले दोघे त्यावरून अजून त्याच्याशी नीट बोलत नाहीत. मी ते ठेवले आहे. त्याच आठवड्यात दुसऱ्या वाटेने शिखरावर पोहोचलेल्या बॅचच्या चार ओळी शेवटच्या पानावर आहेत, लग्नाच्या बातमीखाली.