दिवाळीच्या सुमाराचा मेथीचा घोळाणा

ऑक्टोबर सरता सरता नाशिकच्या बाजारात कोवळी मेथी आणि कांद्याची पात येऊ लागते. घोळाणा म्हणजे कच्च्या पालेभाजीची कोशिंबीर. जून मेथी कच्ची खाल्ली तर फार कडू लागते, म्हणून लहान पानांची जुडीच निवडावी. चौघांसाठी दोन वाट्या मेथी, वाटीभर पात, एक छोटा मुळा बारीक चिरून आणि अर्धी वाटी डाळिंबाचे दाणे. (डाळिंब सटाण्याकडचं मिळालं तर फारच छान!) मेथी तीन पाण्यांतून धुऊन अर्धा तास फडक्यावर पसरावी. पानं ओली राहिली तर कुटाचा लगदा होतो, तेलही धरत नाही. चार चमचे जाडसर दाण्याचं कूट, दोन चमचे कच्चं शेंगदाणा तेल, एक मिरची, अर्धं लिंबू. हलक्या हातानं घोळवावं, कुस्करू नये. मीठ अगदी वाढताना. आधी घातलं की मुळा पाणी सोडतो. सोबत गरम बाजरीची भाकरी.