हायवेला गार, सिग्नलला गरम

ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर एसी झकास चालायचा, आणि ठाण्यात माजिवड्याला गाड्या तुंबल्या की जाळीतून कोमट वारा. गाडी २००९ ची पेट्रोल हॅचबॅक.

ओळखीच्या गॅरेजवाल्याचं निदान बॉनेट न उघडताच तयार होतं. "साहेब, गॅस संपला असणार. भरून टाकू." दर उन्हाळ्यात गॅस भरायचाच असतो, ही समजूत मला कधीच पटली नाही. तो काही पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. शिवाय माझी तक्रार फक्त गाडी थांबल्यावरची होती. धावत्या गाडीत समोरचा वारा कंडेन्सरची (रेडिएटरसमोरची जाळी, जिथे गॅस गार होतो) उष्णता ओढून नेतो. थांबल्यावर ते काम पंख्याचं.

एसी चालू ठेवून बॉनेट उघडलं. रेडिएटरचा पंखा फिरत होता, शेजारचा कंडेन्सरचा ढिम्म. कंडेन्सरवर बाटलीभर पाणी शिंपडलं, तर थोड्याच वेळात आत गार वारा!

माझ्यापुरता निकाल लागला होता, पण वागळे इस्टेटमधला एसीवाला गेज (गॅसचा दाब दाखवणारे काटे) लावल्याशिवाय बोलेना. उभ्या गाडीत हाय साइडचा, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचा, काटा ३०० पीएसआयच्या (दाबाचं माप) वर चढत गेला, लो साइडही, म्हणजे कमी दाबाची बाजूही, नेहमीपेक्षा जास्त. "गॅस कमी असता तर दोन्ही काटे खाली बसले असते," तो म्हणाला आणि इंजिन बंद करायला लावलं.

फ्यूज शाबूत होता. फॅनचा रिले (पंख्याला वीज जोडणारा छोटा स्विच) काढून हॉर्नच्या जागी बसवला (दोन्ही एकाच जातीचे), तर हॉर्न वाजला. म्हणजे रिलेही ठीक. मग मोटरला थेट बॅटरीची वायर. तरी काही नाही. त्याने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मोटरवर टकटक केलं, तेव्हा पाती दोन फेरे मारून पुन्हा थांबली. मोटरच्या आत वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजले होते. नुसते ब्रशही बदलता येतात, पण बेअरिंगही वाजत होतं, म्हणून मोटरच नवी टाकली. ओरिजिनल की लोकल, यावर बराच वेळ घासाघीस झाली. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधला चिखलही धुऊन घेतला.

नंतर उभ्या गाडीत हाय साइड २२० च्या आसपास स्थिरावली. गॅसला हात लावावा लागला नाही. फक्त एका नळीच्या जोडाजवळ थोडा तेलकटपणा दिसला. साबणाचा फेस लावून पाहिला, बुडबुडे आले नाहीत. पावसाळ्यानंतर तो जोड पुन्हा तपासायचा आहे.